परदेशात गेला होतात का?

मराठी विभागासाठी काहीतरी लिही, असं संपादक मंडळातल्या मैत्रिणीने सांगितलं तेव्हा मी आधी हसलेच. बालवाडी ते दहावी कॉन्व्हेंटमध्ये गेली. तिथे वर्गात मराठी शब्द तोंडातून निघाला की दोन रुपये दंड! त्यामुळे माझं मराठी म्हणजे घरी आजीशी बोलते तेवढंच. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका वाचकांनी सांभाळून घ्याव्यात. पण एक गोष्ट गेलं वर्षभर माझ्या डोक्यात फिरते आहे, आणि ती आजीमुळेच सुरू झाली. तेव्हा ती मराठीतच सांगितलेली बरी.

माझा चुलतभाऊ, ज्याला घरात लहानथोर सगळेच दादा म्हणतात, इंग्लंडला एम.एस्सी. करायला गेला आणि तिथेच नोकरीला लागला. लीड्स नावाच्या शहरात राहतो. मागच्या वर्षी गणपतीला तो घरी आला होता. तीन आठवडे सोलापूर, मग जाताना चार दिवस मुंबईत मित्राकडे, आणि सप्टेंबरअखेर शेंगाचटणी आणि कडक भाकरीचे डबे घेऊन परत. सगळं छान झालं.

जानेवारीत इकडे गड्ड्याची यात्रा भरली होती आणि तिकडे दादाला ताप आला. आधी हुडहुडी भरली, दोन रजया घेतल्या तरी दात वाजत होते. मग सणसणून ताप. मग घामाने अंथरूण भिजलं. दुसऱ्या दिवशी एकदम ठीक! तो ऑफिसलाही गेला. तिसऱ्या दिवशी परत तेच. तिथला जानेवारी म्हणजे फ्लूचा सीझन. डॉक्टरांनी तपासलं आणि विचारलं, “गेल्या महिन्याभरात परदेशात गेला होतात का?” दादा म्हणाला, “नाही.” खोटं नव्हतं. तो सप्टेंबरात आला होता, महिन्याभरात कुठेच गेला नव्हता. पॅरासिटामॉल घ्या, भरपूर पाणी प्या, आराम करा.

चार दिवसांनी तो पुन्हा गेला. यावेळी दुसरे डॉक्टर होते. त्यांनी महिन्याची अट न घालता विचारलं, “अलीकडे परदेश प्रवास?” आणि आमचा दादा पुन्हा म्हणाला, “नाही.”

आता हे उत्तर मात्र चूक होतं. पण त्याच्या दृष्टीने बघा. परदेश म्हणजे काय? परदेश म्हणजे इंग्लंड! सोलापूर थोडंच परदेश आहे? तो घरी आला होता. घरी जाऊन येणाऱ्या माणसाला ‘परदेशात गेला होतात का’ असं विचारलं तर तो नाहीच म्हणणार. माझ्या मते या सगळ्या लेखाचं सार या एका प्रश्नात आहे, पण पुढचंही वाचा.

रविवारी व्हिडिओ कॉल झाला. दादाचा चेहरा पिवळा पडलेला. काकूच्या डोळ्यांत पाणी. आजी मागे बसून शेंगा सोलत होती. तिने तिथूनच विचारलं, “बाळा, हिव वाजून येतं का रे?” हो म्हणाला. “रोज येतं का दिवसाआड?” “दिवसाआड, आजी.” आजीने शेंगा खाली ठेवल्या. “मग हा हिवताप आहे. पाळीचा ताप. तुझ्या आजोबांना असाच यायचा. रक्त तपासायला सांग त्यांना.”

आम्ही सगळे हसलो. इंग्लंडमध्ये कुठला मलेरिया, आजी? तिथे डासच नाहीत! (डास आहेत, ते पुढे येईलच.) पण दादा दुसऱ्या दिवशी गेला आणि डॉक्टरांना म्हणाला, “मी सप्टेंबरमध्ये भारतातून आलोय.” त्या एका वाक्याने चक्रं फिरली. तासाभरात रक्त घेतलं, काचपट्टीवर थेंब पसरून मायक्रोस्कोपखाली पाहिला आणि संध्याकाळी निदान आलं. मलेरिया, जात व्हायवॅक्स. सातवी नापास आजी बरोबर, आणि आम्ही सगळे शिकलेले चूक!

तीन शब्द आधी समजून घेऊ

यानंतर मी या विषयावर जे मिळेल ते वाचत सुटले. पहिली गोष्ट समजली ती म्हणजे मलेरियाचे तज्ज्ञ प्रत्येक केसला ‘तू कुठून आलीस’ हे विचारतात. त्यासाठी तीन शब्द आहेत.

इम्पोर्टेड केस म्हणजे लागण दुसऱ्या देशात झाली, आजार या देशात सापडला. दादाची केस ही. इंट्रोड्यूस्ड केस म्हणजे अशा बाहेरून आलेल्या रुग्णाला स्थानिक डास चावला आणि त्या डासाने शेजारच्याला मलेरिया दिला. म्हणजे पाहुण्याकडून पहिला हात बदलला. आणि इंडिजिनस म्हणजे स्थानिक साखळी, इथल्याचं इथल्याला, पाहुण्याची गरजच नाही. ज्या देशात ही तिसरी साखळी सलग तीन वर्षं तुटलेली आहे, तो देश जागतिक आरोग्य संघटनेकडे मलेरियामुक्तीचं सर्टिफिकेट मागू शकतो. लक्षात घ्या, सर्टिफिकेट मिळालेल्या देशातही मलेरियाचे रुग्ण असतात. फक्त ते सगळे बाहेरून आलेले असतात.

इंग्लंडचंच बघा. इंग्लंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंड मिळून २०२३ साली मलेरियाचे २,००४ रुग्ण सापडले. सगळे प्रवासातून आलेले. यातले बरेच जण काही जंगलात शिकारीला गेलेले टुरिस्ट नव्हते. आफ्रिकेत किंवा आपल्याकडे नातेवाइकांना भेटायला, लग्नाला, सणाला गेलेली माणसं होती. टुरिस्ट माणूस मच्छरदाणी, मलम, गोळ्या सगळं घेऊन जातो. घरी जाणारा माणूस चटणीचे डबे रिकामे घेऊन जातो. आपल्याच घरात आपल्याला काय होणार, असं त्याला वाटतं.

चार महिने कुठे लपला होता?

मला सगळ्यात जास्त पडलेला प्रश्न हा होता. डास चावला सप्टेंबरात, ताप आला जानेवारीत. मधे काय?

मलेरियाचा परजीवी डासाच्या लाळेतून रक्तात येतो आणि काही मिनिटांत, फार तर तासाभरात, यकृतात म्हणजे लिव्हरमध्ये शिरतो. तिथे वाढून मग तो रक्तातल्या लाल पेशींवर हल्ला करतो. व्हायवॅक्स जातीचे परजीवी लाल पेशीत साधारण ४८ तासांत वाढतात आणि सगळे एकदम पेशी फोडून बाहेर पडतात. पेशी फुटल्या की हुडहुडी आणि ताप. म्हणून ताप दिवसाआड. आजीला लाल पेशी माहीत नव्हत्या, पण घड्याळ बरोबर माहीत होतं.

व्हायवॅक्सची खरी लबाडी वेगळी आहे. त्यातले काही परजीवी यकृतात जाऊन चक्क झोपतात. आठवडे, महिने, कधी वर्षभरही. त्यांना हिप्नोझोइट म्हणतात. रक्ताच्या तपासणीत ते दिसत नाहीत, कारण ते रक्तात नसतातच. मग एक दिवस उठतात आणि ताप सुरू. माणूस तोपर्यंत सात समुद्रापलीकडे पोचलेला असतो. म्हणून ‘गेल्या महिन्यात’ हा प्रश्न व्हायवॅक्सला पुरत नाही. ‘गेल्या वर्षभरात’ असं विचारावं लागतं.

दुसरी जात फाल्सिपॅरम. ती झोपत नाही, बहुतेक वेळा महिना-दीड महिन्यात उगवते, पण ती जास्त घातक. मेंदूपर्यंत जाते आणि उशीर झाला तर काही दिवसांत जीव घेते. दादाला ती असती आणि असेच नऊ दिवस गेले असते तर... हा विचार काकू अजून पुरा करत नाही.

उपचारही म्हणूनच दोन भागांत. आधी रक्तातले परजीवी मारायचे, ताप उतरतो. मग यकृतातले झोपलेले मारायला प्रायमाक्विन, साधारण १४ दिवस. ही गोळी देण्यापूर्वी जी-सिक्स-पीडी नावाची रक्ततपासणी करतात, कारण काही लोकांच्या शरीरात हे एन्झाइम जन्मतः कमी असतं आणि त्यांच्या लाल पेशी या गोळीने फुटू शकतात. ताप दोन-तीन दिवसांतच जातो, त्यामुळे लोक पाचव्या दिवशी गोळ्या बंद करतात. मग दोन महिन्यांनी ताप परत आला की म्हणतात, औषध बोगस होतं! औषध बोगस नव्हतं, ते पुरं घेतलंच नव्हतं.

मग इंग्लंडमध्ये पसरला का नाही?

दादाच्या घरमालकीण बाईंनी त्याला फोनवर विचारलं की घरातल्या बाकीच्यांनी काय काळजी घ्यायची, भांडी वेगळी ठेवायची का? बिचाऱ्या घाबरल्या होत्या. मलेरिया भांड्यातून, शिंकेतून, हात लावून पसरत नाही. मधे डास लागतोच, तोही मादी, आणि तीही ॲनोफिलीस जातीची. (दूषित रक्त चढवलं तर लागण होऊ शकते. म्हणून मलेरियाच्या देशातून आलेल्यांचं रक्त तिथे काही महिने घेत नाहीत. दादाला एका रक्तदान शिबिरातून परत पाठवलं होतं तेव्हा त्याला फार अपमान वाटला होता. आता वाटत नाही.)

पण इंग्लंडमध्ये ॲनोफिलीस डास आहेत! पूर्वी तिथे केंट, एसेक्सच्या दलदलीत मलेरिया नांदत होता. पहिल्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांनी तो पुन्हा आणला आणि १९१७ ते १९२१ या काळात तिथे चारशेहून अधिक लोकांना देश न सोडता मलेरिया झाला. मग आज का होत नाही? इथे आपलं म्हणजे इंजिनियरचं गणित कामाला येतं.

डास रुग्णाला चावला की लगेच तो दुसऱ्याला मलेरिया देऊ शकत नाही. परजीवीला डासाच्या शरीरात वाढायला काही दिवस लागतात, आणि ते तापमानावर अवलंबून. रशियन शास्त्रज्ञांनी मांडलेलं एक जुनं सोपं सूत्र आहे. व्हायवॅक्ससाठी लागणारे दिवस म्हणजे १०५ भागिले (तापमान वजा १४.५). तापमान सेल्सियसमध्ये.

सोलापूरचा पावसाळा, सरासरी २५ अंश धरा. १०५ भागिले १०.५, म्हणजे १० दिवस. आता इंग्लंडचा बऱ्यापैकी उबदार उन्हाळा, १८ अंश. १०५ भागिले ३.५, म्हणजे ३० दिवस. साडेचौदाच्या खाली तर गाडी हलतच नाही. जानेवारीत लीड्समध्ये प्रश्नच मिटला.

आता डास काही अमर नाही. समजा रोज १०० पैकी ८० डास जगतात. मग १० दिवस जगणाऱ्यांचं प्रमाण ०.८ चा दहावा घात, साधारण ०.१०७. म्हणजे हजारातले १०७ डास. आणि ३० दिवस जगणारे? ०.८ चा तिसावा घात, साधारण ०.००१२. हजारात एक! तापमान फक्त सात अंशांनी उतरलं आणि धोकादायक डास शंभरपटीने कमी झाले. एम-वनच्या पेपरात घातांक सोडवताना मला कधी वाटलं नव्हतं की हे कुणाच्या जिवाशी जोडलेलं असेल.

हे गणित मलेरियाला पहिल्यांदा लावणारा माणूस म्हणजे रोनाल्ड रॉस. २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादला, म्हणजे आपल्या सोलापूरहून रात्री गाडीत बसलं की सकाळी येतं त्या गावात, त्याला डासाच्या पोटात मलेरियाचा परजीवी सापडला. एका रुग्णाला डास चावून घेण्याबद्दल डासामागे एक आणा देऊन! १९०२ साली त्याला नोबेल मिळालं. पुढे त्याने गणिताने दाखवलं की मलेरिया संपवायला सगळे डास मारायची गरज नाही. संख्या एका मर्यादेखाली आणली की साखळी आपोआप विझते. एका रुग्णापासून सरासरी एकापेक्षा कमी नवे रुग्ण होत असतील तर आग पसरत नाही. कोविडच्या वेळी आपण सगळ्यांनी ‘आर नॉट’ ऐकला, त्याचीच ही पूर्वज कल्पना.

पण मर्यादा वर गेली तर? ग्रीस मलेरियामुक्त होता. २०११ साली तिथल्या लॅकोनिया भागात, शेतीवर काम करणाऱ्या स्थलांतरित मजुरांची वस्ती होती तिथे, स्थानिक लागण सुरू झाली आणि चाळीसेक जणांना झाली. अमेरिकेतून मलेरिया १९५१ मध्ये गेला, पण २०२३ साली फ्लोरिडात सात आणि टेक्सास, मेरीलँड, अर्कान्सासात एकेक अशा दहा जणांना प्रवास न करता झाला. वीस वर्षांत पहिल्यांदाच. पॅरिसजवळच्या विमानतळाभोवती १९९४ च्या कडक उन्हाळ्यात सहा जणांना मलेरिया झाला. तिथे तर माणूस नाही, डासच विमानात बसून आला होता, तोही बिनतिकीट!

संपवून दाखवलेले दोन शेजारी

श्रीलंकेत १९६३ साली मलेरियाचे फक्त १७ रुग्ण उरले होते. सतरा! सगळ्यांना वाटलं जिंकलो. फवारणी सैल पडली, रक्त तपासणं सैल पडलं, आणि १९६८-६९ पर्यंत पाच लाखांहून जास्त लोक आजारी पडले. आपलीही तीच कथा. भारतात १९६१ मध्ये वर्षाला सुमारे पन्नास हजार रुग्णांपर्यंत खाली आलो होतो, १९७६ मध्ये चौसष्ट लाखांवर गेलो. आजोबांचा पाळीचा ताप याच काळातला.

श्रीलंका मात्र धडा शिकली. ऑक्टोबर २०१२ नंतर स्थानिक रुग्ण नाही आणि २०१६ मध्ये सर्टिफिकेट मिळालं. त्यानंतर त्यांचं सगळं लक्ष विमानतळावर आणि बंदरावर, आणि त्यात मोठा वाटा भारतातून येणाऱ्यांचा. २०१८ च्या डिसेंबरमध्ये तिथे एका स्थानिक माणसाला मलेरिया झाला. शोध घेतल्यावर कळलं, भारतातून कामाला आलेल्या एका मजुराकडून डासामार्फत आला होता. त्यांनी त्या एका केसभोवती फवारणी केली, लोकांचं रक्त तपासलं आणि साखळी तिथेच तोडली. एका केससाठी एवढं! मला वाचताना थोडी लाजच वाटली, कारण ‘बाहेरून येणारा’ म्हणजे आपणच होतो.

दुसरा शेजारी चीन. इथे सोलापूरकराला डॉ. द्वारकानाथ कोटणीस आठवणारच. भैय्या चौकातल्या त्यांच्या स्मारकात आम्हाला शाळेतून नेलं होतं. ते १९३८ साली युद्धातल्या जखमींवर उपचार करायला चीनला गेले आणि १९४२ मध्ये तिथेच वारले. शांतारामबापूंचा सिनेमाही आहे त्यांच्यावर. कोटणीसांचं काम सर्जनचं, मलेरियाचं नव्हे. पण ते गेले त्या काळातल्या चीनमध्ये वर्षाला सुमारे तीन कोटी लोकांना मलेरिया होत होता, आणि त्याच चीनला ३० जून २०२१ रोजी मलेरियामुक्तीचं सर्टिफिकेट मिळालं. आज जगभर मलेरियावर दिलं जाणारं आर्टेमिसिनिन हे औषधही चीनच्या तू यूयू या बाईंनी एका झुडपातून शोधलं, २०१५ चं नोबेल त्यांना मिळालं.

चीनची पद्धत एक-तीन-सात या आकड्यांनी ओळखतात. केस सापडली की एका दिवसात कळवायची, तीन दिवसांत ती स्थानिक की बाहेरची हे शोधायचं, सात दिवसांत त्या भागात कारवाई पुरी करायची. २०१३ मध्ये घानातल्या सोन्याच्या खाणीत गेलेले हजारो चिनी मजूर एकदम घरी परतले, बहुतेक शांगलिन नावाच्या एकाच तालुक्यातले. आठशेहून अधिक जणांना मलेरिया निघाला. पण स्थानिक एकालाही झाला नाही, कारण गावात पोचताच प्रत्येकाला विचारलं आणि तपासलं गेलं.

आमच्या गच्चीवरची टाकी

आता थोडं घरचं. दादाला डास नक्की कुठे चावला? मुंबईत की सोलापुरात? काका ठामपणे म्हणाले, “मुंबईतच. आपल्या घरात शक्यच नाही.” मुंबईचं नाव पुढे करायला कारणही होतं. मुंबईचा मलेरिया जुना आहे. १९११ साली डॉ. बेंटली यांनी मुंबईच्या मलेरियावर अहवाल लिहिला आणि बोट ठेवलं ते घरोघरच्या विहिरींवर. तिथला डास ॲनोफिलीस स्टीफेन्साय. हा शहरी डास, दलदल नको, त्याला विहीर, टाकी, बांधकामावरचं स्वच्छ साठलेलं पाणी आवडतं.

मी मात्र गच्चीवर गेले. सोलापुरात वर्षानुवर्षं पाणी रोज येत नाही हे वेगळं सांगायला नको. चार-पाच दिवसांआड नळ येणार, म्हणून प्रत्येक घरात हौद, टाकी, बॅरल, घागरी. पाण्याचीही पाळी आणि तापाचीही पाळी! आमची एक जुनी टाकी आहे, तिचं झाकण दोन उन्हाळ्यांपूर्वी तडकलं. त्यावर फरशीचा तुकडा ठेवलेला. तो सरकवून मी टॉर्च मारला. अळ्या होत्या. बहुतेक पाण्यात तिरक्या लटकलेल्या, त्या डेंग्यूच्या किंवा साध्या क्युलेक्स डासाच्या. पण काही पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर, आडव्या पडलेल्या. ॲनोफिलीसची अळी अशी असते, कारण तिला श्वासाची नळी नसते.

मी पुरावा मिळाला असं म्हणत नाही. त्या अळ्या मी फेब्रुवारीत पाहिल्या, दादा सप्टेंबरात गेला, आणि प्रत्येक ॲनोफिलीसमध्ये काही मलेरिया नसतो. खरं उत्तर कधीच कळणार नाही. पण मी काकांना वर बोलावलं, दाखवलं. ते काही बोलले नाहीत. संध्याकाळी नवं झाकण घेऊन आले.

हाच स्टीफेन्साय डास आता जगाला भारी पडतोय. २०१२ मध्ये तो आफ्रिकेतल्या जिबूती शहरात सापडला. त्या वर्षी त्या देशात २७ रुग्ण होते, २०२० मध्ये सत्तर हजारांच्या वर. आफ्रिकेतले जुने डास खेड्यातले होते, हा शहरातला, टाकीतला. रुग्णच नाही, आपला डासही एक्स्पोर्ट होतो.

सिव्हिलवाल्यांना माझं खास सांगणं. साईट व्हिजिटला आपण स्लॅबवर बांध घालून क्युअरिंगचं पाणी साठवलेलं पाहतो. आयएस ४५६ म्हणतं साध्या सिमेंटला किमान सात दिवस, मिश्र सिमेंटला किमान दहा दिवस. आणि डासाला अंड्यापासून उडायला किती दिवस लागतात? उन्हाळी-पावसाळी हवेत साधारण सात ते दहा! आपण काँक्रीट पिकवतो तेवढ्यात डासही पिकतो. उपाय अवघड नाही. मधे एकदा पाणी पूर्ण काढून नवीन भरा, कॉलमना ओली पोती गुंडाळा, लिफ्टचा खड्डा आणि टाक्या झाकून ठेवा, आणि परगावहून आलेल्या मजुराला ताप आला तर त्याला क्रोसिन देऊन कामावर बसवू नका, रक्त तपासायला पाठवा. सरकारी दवाखान्यात मलेरियाची तपासणी आणि औषध फुकट आहे. घरी आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळा. चार दिवसांचं पाणी ओतून द्या असं मी सोलापुरात कोणत्या तोंडाने म्हणू? पण पुढचं पाणी यायच्या आधी हौद तळापर्यंत वापरा, घासा, आणि घट्ट झाकण लावा. तेवढं जमतं.

शेवटी

दादा आता ठणठणीत आहे. चौदा दिवसांच्या गोळ्या त्याने पूर्ण घेतल्या, कारण आजी रोज व्हिडिओ कॉलवर मोजत होती. यंदा गणपतीला येताना त्याने मच्छरदाणी आणली, इंग्लंडहून सोलापूरला! सगळे हसले, काकू नाही हसली.

आपल्या वर्गातले कितीतरी जण पुढच्या दोन-चार वर्षांत बाहेर जातील. जर्मनी, अमेरिका, इंग्लंड, कोणी आफ्रिकेत प्रोजेक्टवर. तिथून तुम्ही दिवाळीला, लग्नाला घरी याल आणि परत जाल. मग कधीतरी हुडहुडी भरून ताप येईल आणि डॉक्टर विचारतील, परदेशात गेला होतात का? तेव्हा ‘नाही, घरी गेलो होतो’ असं मनातल्या मनात म्हणू नका. ते मोठ्याने सांगा. कुठे, कधी आणि किती दिवस, सगळं सांगा. आणि वर्षभरापूर्वीचंही सांगा.

आणि ताप कसा येतो ते एकदा आजीलाही विचारा.